फौजींच्या घरच्यांचा मेळावा

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळतात. त्याच्या आगेमागे येणारा शनिवार नगरच्या आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाचा. त्या दिवशी फौजींच्या घरच्यांचा मेळावा भरतो आणि तिथे जमलेल्या अर्पणातला ठरलेला भाग ध्वजदिन निधीला जातो.

नगरला आर्मर्ड कोअरचं सेंटर आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचंही आहे. त्यामुळे भिंगारच्या बाजारात मेथीची जुडी निवडताना केरळची, मिझोरामची, झारखंडची ख्रिस्ती बाई सहज भेटते. त्यात राहुरी, नेवासा, शेवगावकडच्या चर्चच्या मंडळ्यांतल्या आपल्या मुली. नवरा फील्डला गेला की कुणी एसएफ, म्हणजे फील्डवरच्या फौजींच्या कुटुंबांसाठीच्या, क्वार्टरमध्ये राहते, कुणी भाड्याच्या खोलीत, कुणी सासरी. १९६६ पासून ‘आवा’ ही फौजींच्या बायकांची संघटना आहे, युनिटचं वेल्फेअर आहे, आणि त्यांचा आधार मोठाच. पण रात्री दोन वाजता पोराला ताप भरला तर जिचं दार वाजवायचं ती बाई आधी ओळखीची असावी लागते. मंडळाचं सगळं काम त्या ओळखीपुरतंच आहे.

सुरुवात कारगिलच्या उन्हाळ्यात झाली. १९९९ च्या मे-जूनमध्ये काही जणी संध्याकाळी एकीच्या ओसरीवर प्रार्थनेला जमायच्या. पत्रं यायची ती ५६ एपीओ या फौजी टपालघराकडून, बरेच दिवस जुनी. लिहिलं त्या दिवशी माणूस ठीक होता, एवढंच त्यावरून कळायचं. लढाई जुलैत संपली, पण बायकांचं जमणं चालूच राहिलं आणि त्याच डिसेंबरात पहिला मेळावा झाला.

कार्यक्रमाचा पहिला पाऊण तास सांगण्यासारखा नाही. गीत, प्रार्थना, अहवाल, जमाखर्च, पाहुण्यांना शाल. मग पाहुण्यांचा संदेश. पाहुणा कुठलाही असो, फौजींच्या घरचे समोर दिसले की तो बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडतो आणि देवाच्या शस्त्रसामग्रीवर बोलतो. समोर बसलेल्या बायकांनी आयुष्यभर खरे बूट, खरे पट्टे आणि खऱ्या ट्रंका आवरलेल्या असतात. त्या बिचाऱ्या माना डोलावतात.

खरा मेळावा त्यानंतर, स्तोत्र १२१ पासून. ते एकटीने वाचायचं नाही असा पहिल्यापासूनचा प्रघात आहे. एक ओवी मराठीत, पुढची मल्याळममध्ये, मग हिंदी, मिझो, तामिळ. त्या वर्षी ज्या असतील त्यांच्या भाषांत. ज्यांची माणसं लेह-सियाचिनला आहेत त्या ‘पर्वत’ शब्दाला डोळे मिटतात, ते मी पुढे बसून दरवर्षी पाहते.

आणि मग साक्षी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणं. वक्तृत्वाच्या साक्षी मला फारशा भावत नाहीत. “प्रभूने मला अंधारातून प्रकाशात आणलं” असं सुरू झालं की माझं लक्ष स्वयंपाकघराकडे जातं. ज्या साक्षीत गॅसचा सिलिंडर, शाळेचा दाखला किंवा सासूचं ऑपरेशन येतं, ती मी ऐकते. नेवाशाकडची एक मुलगी एकदा उभी राहिली. सासू रात्री न्हाणीघरात घसरून पडली, बाहेर पाऊस, नवरा वरती सरहद्दीवर, फोन लागेना. शेजारच्या नागा बाईने रिक्षा आणली, सासूला दोघींनी उचलून घातलं आणि ती बाई सकाळपर्यंत दवाखान्याच्या बाकावर हिच्या पोराला मांडीवर घेऊन बसली. “तिला मराठी येत नव्हतं, मला तिचं काही येत नव्हतं. पोरगं मात्र झोपलं,” एवढं बोलून मुलगी खाली बसली. आमेन म्हणायचंसुद्धा विसरली. ती नागा बाई मागच्या रांगेत होती आणि काय चाललंय ते शेजारणीला विचारत होती. पुढच्या मेळाव्याला ती नव्हती. त्यांची बदली झाली होती.

२००१ सालचा मेळावाही मनातून जात नाही. संसदेवर हल्ला झाला, ऑपरेशन पराक्रम सुरू झालं आणि रणगाडे सरहद्दीकडे निघाले. कुणाची सुट्टी रद्द झाली, कुणाचा नवरा आलेला तसाच परतला. केलेल्या करंज्या डब्यात भरून त्यांच्याबरोबर दिल्या आणि नाताळ पोरांबरोबर काढला. त्या वर्षी मेळावा नाताळानंतर घेतला. साक्षींना कुणी उठेना, तेव्हा पाळकीणबाईंनी, म्हणजे पाद्रीसाहेबांच्या पत्नीने, एकेकीला फक्त नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितलं. उखाण्यात नाव घेताना लाजणाऱ्या बायका त्या दिवशी खणखणीत बोलल्या.

दुसरी जागा माझ्या मायेची, ती कडुनिंबाखालचं टेबल. तिथे एक निवृत्त हेड क्लार्क काका चष्मा कपाळावर ठेवून बसतात. फौजीचं लग्न झालं, मूल झालं की युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं. ती नोंद बरोबर नसेल तर उद्या फॅमिली पेन्शनच्या वेळी बायको कागदावर सापडत नाही. आमच्या खेड्यांतल्या मुलींचं शाळेत नाव मंगल, बाप्तिस्म्याचं मार्था, सासरचं तिसरंच. काका प्रत्येकीला आधार कार्ड मागतात, लग्नाचा दाखला मागतात आणि अक्षर न् अक्षर ताडून बघतात. शेजारी पाळकसाहेब विवाहाची नोंदवही घेऊन असतात. आमच्या मंडळीत लागलेलं लग्न असेल तर उतारा जागेवर मिळतो, शिक्क्यासकट. संदेश टाळून बायका या टेबलाशी रांग लावतात, यावरून कमिटीत दरवर्षी कुरकुर होते. माझं मत टेबलाच्या बाजूने आहे आणि ते मी लेखी दिलेलं आहे.

बसायला सतरंजी, सगळ्यांना एकच. नवऱ्याचा हुद्दा विचारायचा नाही. साहेबाची मॅडम आणि शिपायाची बायको एकाच परातीतला लसूण सोलतात.

उपस्थितीबद्दल मात्र बोलायलाच हवं. लांबच्या बायका पोरं कडेवर घेऊन एसटीने दहाला हजर असतात. आमच्या शहरातली घरं, ज्यांना देवळापर्यंत, म्हणजे चर्चपर्यंत, चालत पाच मिनिटं लागतात, ती मटणाला उकळी फुटल्यावर येतात. पुरुषमंडळी तर हा ‘बायकांचा कार्यक्रम’ म्हणून फाटकाशी उभी. फौज काय बायकांची आहे?

आता मदतनीस. कुणाचा माणूस कुठे आहे हे छापायचं नाही, म्हणून नावं घालत नाही. ज्यांनी त्यांनी ओळखून घ्यावं. पेटीवाले निवृत्त सुभेदार. मंडपवाले चाचा, जे भाडं निम्मंच घेतात, आणि आता त्यांचा मुलगाही. संडे स्कूलच्या दोघी टीचर, ज्या पोरांना सांभाळतात म्हणून आयांना साक्ष ऐकता येते. रात्री अप्पमचं पीठ आंबवणाऱ्या केरळच्या सिस्टर. करोनात मेळावा फोनवर घ्यावा लागला तेव्हा सगळ्यांना जोडून देणारा यूथचा मुलगा. भांडी घासायला येणाऱ्या मावशी, ज्या ख्रिस्ती नाहीत, पण त्यांचा भाऊ बीएसएफमध्ये आहे. आणि आमच्या स्वयंपाकघराच्या मुख्य ताई. नवरा गेल्यावर पहिल्या वर्षी आल्या तेव्हा त्यांना सभेत बसवेना. उठून आत गेल्या आणि दिवसभर कांदे चिरत राहिल्या. कुणी काही विचारलं नाही. आज मिठाचा अंदाज त्यांच्याशिवाय कुणी घेत नाही.

बेकरीतला भट्टीवरचा मुलगा राहिला. तो दरवर्षी एक केक जास्त बांधून देतो आणि बिलात धरत नाही. मालकाला हे ठाऊक असावं, अशी आमची प्रार्थना आहे.