आठवा बॉक्स

नव्या पेठेतल्या आमच्या दुकानाचं शटर वर गेलं की पहिलं काम झाडलोट आणि दुसरं व्हॉट्सॲप. डिस्ट्रिब्युटरचा ग्रुप आहे. त्यात स्कीम येतात, टार्गेट येतं, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो येतो. ९ मे २०२४ ला सकाळी त्यात दोनच अक्षरं आणि एक मॉडेल नंबर होता. पीडी. म्हणजे प्राइस ड्रॉप.

१८,९९९ चा हँडसेट आजपासून १५,९९९.

तो फोन आम्ही गुढीपाडव्याला, ९ एप्रिलला, विकायला काढला होता. बरोबर महिना झाला. दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया होती. त्या मुहूर्तावर गिऱ्हाईक दुकानात यावं म्हणून कंपनीनं भाव खाली आणला होता. आधीच्या मुहूर्तावर येऊन गेलेल्या गिऱ्हाइकाचं काय, हे त्या मेसेजमध्ये नव्हतं. ते कधीच नसतं.

दुकानाबाहेरच्या माणसाला माहीत नसतं म्हणून सांगतो. भाव पडला की दुकानदार बुडतो असं लोकांना वाटतं. तसं नाही. जे पीस अजून चालू झालेले नाहीत, त्यांच्या फरकाची क्रेडिट नोट कंपनी देते. प्रत्येक हँडसेटला पंधरा आकडी आयएमईआय असतो. फोन पहिल्यांदा चालू होऊन नेटला लागला की तो नंबर कंपनीच्या पोर्टलवर हिरव्याचा लाल होतो. लाल झाला, विषय संपला. हिरवा असेल तर तीन हजार परत. दुकानातल्या खोक्याला पावसाळी छत्री आहे, माणसाला नाही. अकरा वर्षं काउंटरला उभा आहे, पण हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.

मालक म्हणाले, "मोज. उद्या सहाच्या आत नंबर चढवायचेत, आणि बॉक्स ओळीनं लावून फोटो."

मी खोके काढून नंबर स्कॅन करायला बसलो. तेवढ्यात तो आला.

तो म्हणजे आमच्या दारातल्या फ्लेक्सवरचा पोरगा. पाडव्याला पहिला हँडसेट त्यानं घेतला होता. गळ्यात झेंडूचा हार, हातात खोकं, शेजारी मालक, वर ‘सोलापुरातील पहिले ग्राहक’. सोलापुरातला पहिला की नव्या पेठेतला, हे कोण तपासतंय. फोटो मीच काढला होता. त्या दिवशी त्यानं तो स्टेटसला ठेवला होता, आणि संध्याकाळी आईला घेऊन फ्लेक्स दाखवायला आला होता.

आज त्याच्याबरोबर आई नव्हती, दोन मित्र होते. ते हसत होते, तो हसत नव्हता. मोबाईल पुढं केला. ऑनलाइनवर रात्रीच भाव बदलला होता.

"हे काय आहे?"

मी म्हटलं, "कंपनीनं कमी केलाय. आमच्या हातात नसतं."

"तुमच्या हातात नसतं, मग माझ्या हातात होतं का?"

यावर काय बोलणार. त्यानं फोन हप्त्यावर घेतला होता, नऊ हप्ते, बिनव्याजी, दर महिन्याला २,१११. पहिला हप्ता चारच दिवसांपूर्वी, ५ तारखेला कापला गेला होता. उरले आठ. मी सवयीनं कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला आणि लगेच पुसला, पण त्यानं पाहिलं होतं. १६,८८८. म्हणजे एक हप्ता भरूनही त्याच्या डोक्यावरचं देणं कोऱ्या फोनच्या किमतीपेक्षा जास्त होतं. एक मित्र म्हणाला, "काय बे, महिनाभर थांबला असतास तर पार्टी झाली असती की." पोरगा त्याच्याकडं न बघता म्हणाला, "तू गप रे."

मी तेव्हा एक मूर्खपणा केला. पुण्यात एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला ॲपलची गोष्ट सांगितली होती. पहिला आयफोन २९ जून २००७ ला आला, ५९९ डॉलरला. ५ सप्टेंबरला तोच ३९९. सत्तर दिवससुद्धा झाले नव्हते. रात्रभर रांगेत उभे राहिलेले लोक इतके भडकले, की दुसऱ्या दिवशी स्टीव्ह जॉब्सला जाहीर पत्र लिहून आधीच्या गिऱ्हाइकांना शंभर डॉलरचं क्रेडिट द्यावं लागलं. रोख नाही, त्यांच्याच दुकानात खर्च करायचं. ट्रेनरचं म्हणणं होतं की गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगा, त्याला वाटतं हे जगभर होतं, तो शांत होतो.

मी सांगितली. पोरगा शांतपणे ऐकत होता. मग मालकांकडं बघून म्हणाला, "मग तुम्ही पत्र कधी लिहिताय?"

मित्रसुद्धा हसायचे थांबले. मालकांनी एक कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास काढून काउंटरवर ठेवली.

"ग्लास हाय की," तो म्हणाला. "तो फोटो काढा फक्त. रोज कामावर जाता-येता दिसतो."

एवढं बोलून गेला. पैसे मागितलेच नाहीत. मागितले असते तर मला सोपं गेलं असतं. पैसे मागणाऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं आम्हाला शिकवलेलं आहे.

(पुढच्या वर्षी जीएसटीचं झालं तेव्हा मला हा पोरगा आठवला. मोठ्या टीव्हीचा कर २८ वरून १८ टक्के झाला. ३२,००० चा टीव्ही त्या हिशेबानं २९,५०० ला आला. गणपतीत टीव्ही नेलेले लोक चिडले, पण दुकानावर कुणी चाल करून आलं नाही. कारण ३ सप्टेंबरला जाहीर होऊन २२ ला, घटस्थापनेला, लागू होणार हे पेपरात आलं होतं. ते एकोणीस दिवस टीव्हीच्या बाजूला माश्या मारत होतो, ते सोडा. पण ज्याला थांबायचं होतं त्याला थांबता आलं. मोबाईलचा कर १८ चा १८ च राहिला. तो का उतरला नाही हे विचारणारे आले, त्यांच्याशी वाद घालण्यात नवरात्र गेलं.)

तर, मी पुन्हा मोजायला बसलो. खोके सात. पोर्टलवर हिरवे नंबर आठ.

पुन्हा मोजले. सातच. मालकांनी स्वतः मोजले. मग माझ्याकडं बघितलं, मग हेल्परकडं, मग परत माझ्याकडं. दुकानात एक पीस कमी भरणं म्हणजे काय असतं, ते काउंटरला उभं राहिलेल्यालाच कळतं. हेल्पर न सांगताच स्वतःची डब्याची पिशवी उलटी करून दाखवायला लागला. मला त्याची आणि स्वतःची, दोघांची लाज वाटली.

"बिलं बघतो आधी," म्हटलं.

पाडव्याच्या बिलांमध्ये तो नंबर सापडला. विकला गेला होता. रोखीनं. पत्ता विडी घरकुल, हैदराबाद रोड. नाव वाचलं आणि बाई डोळ्यांसमोर आली. भिशी लागली म्हणून आल्या होत्या. शंभराच्या नोटा रबर लावून, प्रत्येक गड्डी दोनदा मोजून. मुलगा दहावीला, निकाल लागला की द्यायचा, असं म्हणाल्या होत्या. मी चालू करून दाखवतो म्हटलं तर खोकं मागं ओढून घेतलं होतं, "नको नको, त्यानंच उघडायला पाहिजे." दहावीचा निकाल अजून लागायचा होता. म्हणजे महिनाभर फोन सीलबंदच होता.

मालकांचा चेहरा खुलला. "म्हणजे आठव्याचे तीन हजार पण येणार."

"आपला कुठं आहे तो पीस?"

"हिरवा दिसतोय ना? हिरवा तोवर आपलाच." मग थोडं थांबून, "तिला हजार देऊ. फोन लाव. उद्या संध्याकाळपर्यंत सील फोडू नको म्हणावं."

मी फोन लावला. अक्का, मोबाईलच्या दुकानातून बोलतोय, तुमच्या फोनवर पैसे परत मिळणार आहेत, फक्त खोकं उघडू नका. पलीकडं दोन सेकंद शांतता. मग, "ओटीपी देत नाही मी," आणि फोन कट. पुन्हा लावला तर ब्लॉक. बरोबरच होतं त्यांचं. मीसुद्धा तेच केलं असतं.

दुपारी दोनला गाडी काढली. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय त्याला वेगळं सांगायला नको. सीटवर बसताना बूड आपोआप वर उचललं जातं. मार्केट यार्ड मागं टाकलं, घरकुलात शिरलो, दोघांना विचारून घर सापडलं.

अक्का दारातच बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. मला बघून ओळख पटली, पण हात थांबले नाहीत. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू, गुंडाळायचं, टोक दुमडायचं, दोरा. डाव्या तर्जनीच्या नखावर परवाच्या मतदानाची शाई होती, आणि ते शाईचं बोट पानावर असं सरकत होतं की त्याला डोळ्यांची गरज नसावी.

मी सगळं समजावून सांगितलं. हजार मिळतील म्हटलं. वाटलं होतं, खूश होतील.

त्यांचे हात थांबले.

"म्हणजे आता दुकानात तो फोन सोळाला मिळतो?"

मी गप्प. तोवर त्यांना काही माहीत नव्हतं. महिनाभर त्यांच्या घरात एकोणीस हजारांची वस्तू होती. ती सोळाची झाल्याची बातमी उन्हातान्हात मी घरपोच केली होती.

"तुम्ही आलाच नसता तर बरं होतं," अक्का म्हणाल्या. रागानं नाही. सुपातला चुरा बोटानं एका बाजूला करत म्हणाल्या. मग उठून आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. खोकं टॉवेलात गुंडाळलेलं होतं, टॉवेलाला गाठ. गाठ सोडून सील मला दाखवलं, हातात मात्र दिलं नाही.

"पडले किती?"

"तीन हजार."

"मग हजार कुठनं आले?"

मी मालकांचं सांगायला लागलो. कंपनीचे पैसे यायला वेळ लागतो, कागदपत्रं असतात वगैरे. अक्कांनी मध्येच तोडलं. "कारखान्यात पण असंच. आम्ही हजार वळून द्यायच्या, त्यानं छाट काढायची, आणि छाटलेल्या विड्या पण त्यानंच ठेवून घ्यायच्या." मग खोक्याला परत गाठ मारली. "उद्या मी येते. मालकाशी मीच बोलते."

दुकानात परत येऊन सांगितलं. मालक म्हणाले, "येऊ दे. बायका बोलतात, येत नाहीत."

अक्षय तृतीयेला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तोच मॉडेल, नव्या भावानं. सकाळपासून पाच गेले. सातही नंबर आधी स्क्रीनशॉट काढून, फोटो काढून ठेवले होते म्हणून बरं. आठवा फोटोत नव्हता, तो गळणार असं मी धरून चाललो होतो. चारच्या सुमाराला अक्का आल्या. इरकल नेसून, हातात कापडी पिशवी. गर्दीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या आणि मालक मोकळे होईपर्यंत अर्धा तास हलल्या नाहीत.

बोलणी काय झाली ती सगळी ऐकू आली नाहीत, मला गिऱ्हाईक होतं. कानावर आलं ते एवढंच. मालक: "क्रेडिट नोट यायला दिवाळी उजाडेल, तोवर माझे पैसे अडकले, त्याचं काय?" अक्का: "माझे पाडव्यापासून अडकलेत." शेवटी अडीचवर तुटलं, वर कव्हर आणि ग्लास. ही तीच ग्लास होती, आदल्या दिवशी पोरानं न घेतलेली, काउंटरच्या खाली तशीच पडून होती. मालकांनी गल्ल्यातून पाचशेच्या पाच नोटा काढल्या. अक्कांनी दोनदा मोजल्या.

आता फोटो नव्यानं काढायचा होता. पाच खोकी विकली गेली होती, त्यांची रिकामी वेष्टणं शोधून ओळीत उभी केली, पुढच्या बाजूनं सारखीच दिसतात. सात झाली. आठवं खोकं अक्का सोडायला तयार नव्हत्या.

"ठेवा की अक्का, दोन मिनिटं."

"असंच काढा."

मी काढला. काचेच्या काउंटरवर ओळीनं आठ खोकी, आणि आठव्यावर उजवीकडून आलेला एक हात, नखावर शाई. मालक म्हणाले हात कापून टाक. कापला तर खोक्यावरचा नंबरही जात होता. पावणेसहा झाले होते. तसाच चढवला.

रात्री शटर ओढायच्या आधी फ्लेक्स उतरवला. त्यातला पोरगा दोन दिवसांत काही बदलला नव्हता, हार घालून हसतच होता. गुंडाळून माळ्यावर टाकला. त्याला फोन करून सांगावं असं वाटलं, पण सांगणार काय, तर फोटो काढला. नाही केला.

आठवड्यानं डिस्ट्रिब्युटरच्या माणसाचा मालकांना मेसेज आला. फोटोत शेवटच्या बॉक्सवर हात कुणाचा?

मालकांनी मोबाईल माझ्याकडं सरकवला. मी बघितलं, परत दिला. त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटानं टाईप केलं: स्टाफ.