फ्रॅकिंगआधी बोअरचं पाणी तपासून घेताना

फॉर्मवरच्या एका रिकाम्या चौकटीपायी आमचे सतरा दिवस गेले. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही पेनसिल्व्हेनियात, वॉशिंग्टन काउंटीत राहतो. पाणी घरामागच्या बोअरचं. मार्चमध्ये रजिस्टर्ड पत्र आलं, जवळच फ्रॅकिंगसाठी, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी सोडून खोल खडक फोडून गॅस काढायला, गॅसची विहीर खोदणार. ३,००० फुटांच्या आत ज्यांचं पाणी आहे त्यांना कळवणं कंपनीला बंधनकारक आहे. गॅस ज्या खडकात आहे तो मार्सेलस शेल हजारो फूट खोल आणि आमचा बोअर १८० फूट, पण गॅसविहिरीच्या पाइपाभोवतीचं सिमेंट कच्चं राहिलं तर हाच गॅस, म्हणजे मिथेन, वरच्या पाण्याच्या थरांत शिरू शकतो. त्यात हा कोळशाचा पट्टा, म्हणजे मिथेन मुळातच असू शकतो. आधीचा आकडा हातात नसेल तर उद्या भांडणार कशाच्या जोरावर? घरगुती बोअरचं पाणी राज्य सरकार तपासत नाही.

मान्यताप्राप्त लॅब शोधली, पैसे भरले. माणूस आला. सॉफ्टनरच्या (पाण्याचा जडपणा काढणाऱ्या यंत्राच्या) आधीच्या नळातून पाणी घेतलं (हे तुम्हीही बघा, गाळलेल्या पाण्याच्या नमुन्याचा उपयोग नाही). मिथेनसाठी लहान काचेच्या कुप्या काठोकाठ भरल्या, झाकण लावून उलट्या धरल्या. एकही बुडबुडा दिसता कामा नये. एका कुपीत दिसला, ती त्याने ओतून पुन्हा भरली. इतकं नीट काम बघून मी निर्धास्त झाले.

आठ दिवसांनी फोन केला तर म्हणे नमुना बाद. नमुना कुणाकडून कुणाकडे गेला त्या फॉर्मवर वेळ लिहायची राहिली होती. चूक त्यांच्या माणसाची! पण दुसरी तारीख द्यायला कुणी तयार नाही. एक म्हणे मॅनेजरशी बोला, मॅनेजर म्हणे पुन्हा पैसे भरा. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी तो नंबर फिरवत होते आणि इकडे रस्त्यावरून खडीचे ट्रक सुरू झाले होते. नवरा म्हणाला, "जाऊ दे, कंपनी तपासणारच आहे ना." मी नाही सोडलं. शेवटी नवऱ्याच्या मोबाइलवरचा, नमुना घेतानाचा वेळेसकट फोटो पाठवला, तेव्हा कुठे फुकट दुसरी फेरी मिळाली. सतराव्या दिवशी. माणूस गेटबाहेर पडायच्या आत तो कागद स्वतः वाचा, फोटो काढा.

रिपोर्ट आला. मिथेन थोडा, आणि खोल थरांतल्या खारट पाण्यात असतात ते बेरियम, स्ट्रॉन्शियम, क्लोराइड, ब्रोमाइड सगळं कमी. त्या रात्री शांत झोपले.

एक राहिलंच. कंपनीच्या माणसालाही नमुना घेऊ द्या, रागाने दार लावू नका. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२च्या कायद्याप्रमाणे गॅसविहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडलं तर जबाबदारी कंपनीचीच धरतात. तुम्ही तपासणी नाकारली असेल तर तो आधार जातो. आमच्या शेजाऱ्याने दोनदा नाकारली होती. मी हे सांगितल्यावर त्याने त्याच संध्याकाळी कंपनीला फोन केला.