क्यूची वही : शेवटचे दोन रकाने

कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणी संपली, जिनिंगच्या काट्यावरची गर्दी ओसरली आणि माझ्या क्यूच्या वहीला वेळ मिळाला. दिवाळीत नोंद केली तेव्हा क्यू असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द ३४ होते. आज ५७ आहेत. नियम जुनेच: विशेषनाम नाही, एस लावून केलेलं अनेकवचन नाही, आणि शब्दकोशात अर्थ स्वतः वाचल्याशिवाय वहीत नोंद नाही.

एक शब्द मात्र खोडावा लागला. 'ॲक्वा' मी हंगामाच्या घाईत लिहून टाकला होता. परवा अक्षरं मोजली, तर चारच.

या खेपेला पद्धत बदलली. आधी शब्दकोश पहिल्या पानापासून चाळायचो. आता वहीवर पाच उभे रकाने आखलेत, क्यू कितव्या जागी येतो त्याप्रमाणे. पहिला रकाना काठोकाठ भरला: क्वीन, क्विक, क्वाएट, क्वेल, क्वर्क, कोटा. दुसऱ्यात क्यूच्या आधी बहुतेक एस किंवा ई: स्क्वॉड, स्क्विड, इक्वल, इक्विप. तिसऱ्यात दोन शब्द माझ्या फार आवडीचे आहेत. पी-आय-क्यू-यू-ई हा 'पीक', उच्चार आपल्या शेतातल्या पिकासारखा आणि अर्थ मनाला लागलेली बोच. टी-ओ-क्यू-यू-ई हा 'टोक', आचाऱ्याची उंच पांढरी टोपी.

'क्यू', म्हणजे रांग, हा शब्द तर रांगेतच सापडला. काट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्या फाटकाबाहेरपर्यंत उभ्या होत्या आणि मी वजनाच्या चिठ्ठीमागे क्यू-यू-ई-यू-ई लिहीत होतो. ट्रॉलीवरून एक भाऊ वाकून म्हणाले, "काय लिहून रायले भाऊ? माह्या गाडीचं वजन लिवा ना आधी." वजन आधी लिहिलं. मग त्यांना दाखवलं, की मागची चारही अक्षरं झाकली तरी उच्चार तोच राहतो. त्यांनी अंगठ्यानं चारही अक्षरं झाकून पाहिली आणि चिठ्ठी खिशात घालून घेऊन गेले.

चौथा आणि पाचवा रकाना महिनाभर कोरे होते. त्यांचं कारण सापडलं, तेव्हा खरा आनंद झाला. इंग्रजीत क्यूच्या मागे यू येतो ही सवय फ्रेंच वळणाच्या लेखनिकांची. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याआधी 'क्वीन' सी-डब्ल्यू-ई-एन असा लिहायचे. शब्द तिथलाच जुना, फक्त कपडे बदलले. आता रकान्यांकडे बघा. क्यू चौथ्या जागी बसला तर पाचव्या जागी यू येईल आणि शब्द तिथंच संपेल, पण क्यू-यूवर संपणं इंग्रजी शब्दांच्या स्वभावात नाही. क्यू पाचव्या जागी बसला तर यूला जागाच उरत नाही. म्हणजे हे दोन रकाने भरायचे तर यूशिवायचा क्यू शोधायला हवा, आणि तो बाहेरून इंग्रजीत आलेल्या शब्दांतच मिळणार. अक्षरांच्या सोंगट्या जुळवून इंग्रजी शब्द करायचा स्क्रॅबल हा खेळ खेळणाऱ्यांना या शब्दांची किंमत सांगायला नको. शंभर सोंगट्यांत क्यू एकच, गुण दहा, आणि यू फक्त चार.

मला ते शब्द दिसत नव्हते याचं कारण आपली लिपी. क्यू असो वा के, आपण 'क'च लिहितो. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर शिलाईवाले चाचा बसतात, त्यांच्यासमोर वही उघडी पडली होती. मी 'फकीर' के घालून शोधत होतो. चाचा म्हणाले, "काफ दो रहते बेटा. छोटा काफ, बडा काफ." मग उर्दूतली ही दोन्ही अक्षरं म्हणून दाखवली. छोटा जिभेच्या मागच्या भागातून, आपल्या 'क'सारखा. बडा पार घशाच्या तळातून, घोट गिळताना आवाज अडावा तसा. मी चार वेळा म्हणून पाहिला, पाचव्यांदा जमला. इंग्रजीत त्या बड्या काफाला बहुतेकदा क्यू देतात.

त्याच संध्याकाळी फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), निकाब (चेहरा झाकायचं कापड), किबला (नमाजाची दिशा) हे तीन मिळाले. चौथा रकाना उघडला बुरख्यानं: बी-यू-आर-क्यू-ए. त्यात यू आहे, पण क्यूच्या आधी. पाचवा उघडला तलाकनं: टी-ए-एल-ए-क्यू. जन्मापासून कानावर पडणारे शब्द, आणि मी ते परदेशात शोधत होतो.

'कनात'नं मात्र चकवलं. क्यू-ए-एन-ए-टी दिसल्यावर वाटलं, लग्नाच्या मांडवाला लावतो ती कनात. शब्दकोशात अर्थ निघाला जमिनीखालून पाणी वाहून आणणारा बोगदा, इराणकडची जुनी रीत. मग बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आठवला. सातपुड्याच्या उतारावरचं पाणी जमिनीखालच्या वाटेनं शहराकडे नेणारी ती मुघलकाळातली रांगेतली कुंडं मी पाहिलीत. वरून वाकून पाहिलं की खोल अंधारात पाण्याचा आवाज येतो. अर्थ वाचल्याशिवाय नोंद नाही, हा नियम अशा शब्दांसाठीच आहे.

पाचव्या रकान्यात आता तिघं आहेत: तलाक, मन शांत करणाऱ्या औषधासाठीचा बोलीतला 'ट्रँक', आणि उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची कातड्याची होडी 'उमियाक'. हिला के लावूनही लिहितात, पण क्यूचं रूपही शब्दकोशात आहे, म्हणून घेतली.

पेरणीच्या आधी जेची वही सुरू करणार आहे. तिचे पहिले दोन शब्द बांधावरच मिळालेत, जवार आणि बाजरा: जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, बी-ए-जे-आर-ए. दोन्ही शब्दकोशात तपासून झाले.

क्यूच्या चौथ्या रकान्यात मात्र अजून बुरखा एकटाच आहे. त्याला सोबत कुणाकडे असेल, तर कळवा. अर्थासकट.