क्लिक नाही झालं म्हणजे नक्की काय झालं?

"मुलगा चांगला आहे, घरचेही चांगले आहेत, पण क्लिक नाही झालं." लग्नाच्या वयाच्या मुलामुलींशी बोलायला बसलं की हे वाक्य हमखास येतं, आणि ते मनापासून सांगत असतात, पोटात काहीच हललं नाही तर काय करणार बिचारे. मग मध्यस्थांमार्फत नकार कळवला जातो आणि पुढच्या रविवारी पुढचं स्थळ. मी ठाण्यात ज्युनिअर कॉलेजला सायकॉलॉजी शिकवते, हा विषय मला फार जवळचा आहे, आणि मला आज अगदी सरळ सांगायचंय की कांदेपोह्यांच्या पाऊण तासात क्लिक झालं की नाही ह्यावर एवढा मोठा निर्णय टाकू नका. माणूस माणसाकडे कसा ओढला जातो ह्याबद्दल आत्तापर्यंत जे काही कळलंय ना, त्यात त्या पाऊण तासाला फारशी किंमत नाहीये.

आधी शरीरात काय होतं ते बघू. २००५ साली हेलन फिशर ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ, आर्थर एरन, ल्यूसी ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमात आकंठ बुडालेल्या १७ जणांना (१० बायका, ७ पुरुष) एमआरआय मशीनमध्ये झोपवलं. समोर आधी त्या खास व्यक्तीचा फोटो, नंतर एखाद्या साध्या ओळखीच्या माणसाचा, आणि दोन फोटोंच्या मधे एक मोठा आकडा द्यायचे, त्यातून सात-सात वजा करत उलटं मोजत जायचं. का, तर पहिल्या फोटोची धुंदी दुसऱ्या फोटोपर्यंत टिकून राहू नये म्हणून! म्हणजे प्रेमात पडलेल्या माणसाच्या डोक्यातून ती व्यक्ती अर्ध्या मिनिटासाठी काढायची तर वजाबाकीला जुंपावं लागतं, मला हा तपशील फार आवडतो. तर खास फोटो दिसला की मेंदूच्या खालच्या बाजूला मधोमध असलेला एक छोटासा भाग कामाला लागायचा, त्याला व्हीटीए म्हणतात, तिथे डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन बनवणाऱ्या पेशी असतात. ही यंत्रणा आनंदाची कमी आणि 'हवंय, मिळवायचंय' ह्याची जास्त आहे. ब्लू टिक आली का हे परत परत बघणं, झोप उडणं, जेवणावर लक्ष नसणं, हे सगळं त्या हवंय-हवंयचंच रूप.

त्याआधी १९९९ मध्ये इटलीतल्या पिसा इथे डोनाटेला माराझ्झिती आणि त्यांच्या टीमने नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं होतं, तेव्हा सेरोटोनिन ह्या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाशी संबंधित एक प्रथिन त्यांच्यात कमी सापडलं, साधारण तितकंच जितकं ओसीडीच्या (म्हणजे मंत्रचळाच्या) पेशंट्समध्ये सापडतं, आणि वर्ष-दीड वर्षाने त्यातल्या काहींना परत तपासलं तर पातळी नॉर्मल. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत, पण ज्याने तो काळ अनुभवलाय त्याला 'एकच विचार घोळत राहणं' म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

घरातली मोठी माणसं म्हणतात की ही सगळी हल्लीची थेरं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तसं अजिबात नाही. विल्यम जानकोविआक आणि एडवर्ड फिशर ह्या दोघा अभ्यासकांनी १९९२ मध्ये जगभरातल्या १६६ संस्कृतींच्या नोंदी चाळल्या, त्यातल्या १४७ मध्ये रोमँटिक प्रेमाचा पुरावा मिळाला. आजीच्या वेळीही होतंच, फक्त आजीला कोणी विचारलं नाही.

आता माझा खरा मुद्दा. त्या एमआरआय मशीनमधली माणसं आधीच प्रेमात पडलेली होती. पडल्यावर काय होतं ते कळलं, पण कोण कोणावर पडणार हे कुठे कळलं? आणि आपल्याला लग्न जमवताना हवं असतं ते नेमकं हेच. म्हणून आपण बायोडेटा बनवतो, उंची, शिक्षण, पॅकेज, गोत्र, नाडी, ठाण्यात स्वतःचा टू बीएचके आणि खाली 'अपेक्षा'चा रकाना. समंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कॉलेजच्या मुलामुलींकडून शंभराहून जास्त गोष्टी भरून घेतल्या होत्या, स्वभाव, आवडीनिवडी, जोडीदार कसा हवा, सगळं, आणि मग त्यांना एकमेकांना चार-चार मिनिटं भेटवलं. तो सगळा डेटा कॉम्प्युटरला दिला. एकूणात कोण बऱ्याच जणांना आवडतो, कोणाला पटकन कोणीही आवडतं, एवढं त्याला थोडंफार सांगता आलं. पण ह्याच मुलीला हाच मुलगा इतरांपेक्षा जास्त आवडेल का, हे अजिबात सांगता आलं नाही. शंभर रकाने भरून! आपले दहा-बारा असतात.

बायोडेटा फेकून द्या असं मी म्हणत नाहीये हां. दोघांना कुठल्या शहरात राहायचंय, मूल हवंय का, लग्नानंतर नोकरी, आईवडिलांची जबाबदारी, हे आधी कळलंच पाहिजे, त्यावर खुशाल नकार द्या. पण ओढ त्या कागदात सापडत नाही.

मग ती येते कुठून? ह्याचं एक उत्तर इतकं साधं आहे की ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, ती जवळ असण्यातून येते. जेम्स बोसार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये फिलाडेल्फिया शहरातल्या ५,००० विवाह परवान्यांवरचे पत्ते तपासले, तर साधारण एक तृतीयांश जोडपी लग्नाआधी एकमेकांपासून पाच ब्लॉकच्या (म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत एक, अशा पाच टप्प्यांच्या) आत राहत होती. १९५० मध्ये लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत मैत्री कशी जुळते ते बघितलं, दुमजली इमारती, मजल्यावर पाच-पाच घरं. शेजारच्या दारातल्यांशी मैत्री सगळ्यात जास्त, एक दार सोडून कमी, टोकाच्या घराशी अजून कमी, आणि जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या खालच्या लोकांची वरच्या मजल्यावर जास्त मैत्री, कारण वरचे सगळे त्यांच्या दारावरूनच जाणार ना.

मी हे वर्गात शिकवते तेव्हा मला आमची नेरुळची सिडकोची बिल्डिंग आठवते, लिफ्ट नाही, एकच जिना, खाली मीटरबॉक्स. तळमजल्यावर एक ताई राहायच्या आणि तिसऱ्या मजल्यावरचा दादा दिवसभर ऑफिसला, त्यामुळे त्याची कुरिअर्स ताईंकडे ठेवली जायची. रात्री आठ-सव्वाआठला तो बेल वाजवायचा, ताई सेफ्टी डोअर अर्धवट उघडून पार्सल पुढे करायच्या, तो "थँक्यू हां" म्हणायचा, कधी पावसाबद्दल, कधी पाणी कधी येणार त्याबद्दल दोन वाक्यं. पुढे पुढे पार्सल हातात घेऊनही तो उभाच असायचा, ताईंचा हात दाराच्या कडीवर तसाच, आतून काकू "कोण आहे गं" विचारायच्या. दोघांनी लग्न केलं, आणि दोघांचेही बायोडेटा आधीपासून एकाच वधू-वर सूचक मंडळात होते पण कोणी ते एकमेकांना दाखवले नव्हते कारण ताई दोन वर्षांनी मोठ्या.

बोलणंसुद्धा लागतंच असं नाही. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग छापला. दिसायला साधारण सारख्या चार मुली, एका मोठ्या वर्गात येऊन नुसत्या बसायच्या, कोणाशी बोलायच्या नाहीत. एक कधीच आली नाही, बाकीच्या ५, १० आणि १५ वेळा आल्या. शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले तर जी जास्त वेळा आली ती जास्त आवडली. ठाण्याच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून सकाळची पनवेल गाडी पकडणाऱ्यांना हे पटेल बघा, तोच डबा, तोच दरवाजा, तुर्भ्याला उतरणारा तोच चेहरा, आणि एक दिवस तो दिसला नाही की उगाच चुकल्यासारखं होतं.

मात्र जवळ कोणाला येऊ दिलं जातं हेही समाजच ठरवतो हे विसरू नका. २०११-१२ च्या इंडिया ह्युमन डेव्हलपमेंट सर्व्हेमध्ये आंतरजातीय लग्नं साधारण ५ टक्के होती. लोकल सगळ्यांना एका डब्यात आणते, स्थळांची यादी आणत नाही.

आणि ओळखीने दिसणंही बदलतं. २०१५ मध्ये लूसी हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी १६७ जोडप्यांचा अभ्यास केला. ज्यांची ओळख झाल्याझाल्या जमलं होतं ती दिसण्यात एकमेकांच्या तोडीची होती. जी आधी बराच काळ नुसती ओळखीत किंवा मैत्रीत होती त्यांच्यात हा मेळ खूपच सैल होता. म्हणजे वेळ मिळाला की माणूस फोटोतल्या चेहऱ्याच्या पलीकडचं बघायला लागतो.

बरं, क्लिक झालं तर? तिथेही जरा थांबा. १९७४ चा डोनाल्ड डटन आणि आर्थर एरन यांचा कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावरचा प्रयोग प्रसिद्ध आहे, पूल ४५० फूट लांब, खाली २३० फुटांवर नदी, पाऊल टाकलं की हलतो. एक तरुणी पुरुषांना एक छोटी गोष्ट लिहायला सांगायची आणि काही विचारायचं असेल तर फोन करा म्हणून नंबर द्यायची. हलत्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी फोन केला, जवळच्या भक्कम, कमी उंचीच्या पुलावर १६ पैकी फक्त दोघांनी. भीतीने वाढलेली धडधड मनाने त्या मुलीच्या खात्यात टाकली, असा त्याचा अर्थ लावला जातो. संख्या लहान आहे आणि प्रयोगावर टीकाही झालीय, पण शरीर धडधडतंय आणि कारण आपण भलतंच लावतोय हे होऊ शकतं.

तसंच त्या उत्तर न देणाऱ्या माणसाचं. २०११ मध्ये एरिन व्हिटचर्च, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी दाखवलं की समोरच्याला आपण आवडलोय की नाही हे नक्की माहीत नसलेल्या मुलींना तो मुलगा जास्त आकर्षक वाटला, आवडलोय हे माहीत असलेल्यांपेक्षाही जास्त, कारण अनिश्चिततेत त्याचाच विचार चालू राहतो. माझ्या कितीतरी माजी विद्यार्थिनी अशा दोन-दोन दिवसांनी रिप्लाय देणाऱ्या मुलांपायी झुरल्यात, आणि वेळेवर फोन करणाऱ्या चांगल्या मुलाला त्यांनीच 'बोअरिंग' म्हटलंय. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

फेरोमोनवाले (म्हणजे वासातून ओढ लावणारं रसायन असल्याचं सांगणारे) परफ्यूम ऑनलाइन विकतात त्यात पैसे घालू नका, माणसात असं कुठलंही रसायन आजवर पक्कं सिद्ध झालेलं नाही.

एक गोष्ट मुलांसाठी ठळक अक्षरात. सहवासाने ओढ वाढते ती सुरुवात साधी किंवा बरी असेल तर. सुरुवातच नकोशी असेल तर जवळ असण्याने राग वाढतो, १९७६ मध्ये एब एबसेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका हाउसिंग कॉम्प्लेक्समध्ये विचारलं तेव्हा लोकांना न आवडणारी माणसंही जवळच राहणारीच निघाली (पार्किंगवरून भांडणाऱ्या कुठल्याही सोसायटीला विचारा). त्यामुळे मुलीने नाही म्हटल्यावर तिच्या स्टेशनवर, क्लासखाली रोज उभं राहणं म्हणजे त्रास देणं, त्याला सहवास म्हणत नाहीत. आणि पहिल्याच भेटीत ज्याने तुम्हाला घालूनपाडून बोललं, वेटरवर आवाज चढवला, त्याला दुसरी भेट देण्याची काहीही गरज नाही.

पण जिथे माणूस बरा वाटला आणि फक्त 'काही वाटलं नाही', तिथे चार भेटी द्या, हॉलमध्ये सगळ्यांसमोर नाही, तलावपाळीला एक चक्कर मारा, नेरुळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' तलावाभोवती चाला, काहीतरी एकत्र करा. आणि आईबाबांनो, काका-मावश्यांनो, तुम्हाला हात जोडून विनंती, ह्या चार भेटी होईपर्यंत "मग, काय ठरलं?" असा फोन एकदाही करू नका, आणि समोरच्या घरालाही आधीच सांगून टाका की आम्हाला महिनाभर लागेल.