आत्याबाईंच्या चालीनं वाघूरच्या दरीत

अजिंठा याआधी दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा धावतपळत. लेणी आठवत होती, पण नदी पाहिल्याचं काही आठवेना. म्हणून यंदा भिशीतल्या आम्ही बाराजणींनी ठरवलं, आधी वरून दरी बघायची, मग सावकाश उतरत लेण्यांपाशी जायचं.

डोकं लावावं लागलं ते गाडीसाठी. व्ह्यू पॉइंट वर, लेणापूरच्या बाजूला, आणि लेणी खाली. पायऱ्या उतरून गेल्यावर गाडीसाठी पुन्हा तेवढं चढायचं, हे आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, एकाहत्तराव्या वर्षी झेपणारं नव्हतं. म्हणून ड्रायव्हरदादांशी आदल्या दिवशीच बोलून घेतलं. आम्हाला वर सोडून त्यांनी घाट उतरून फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबायचं, आणि संध्याकाळी आम्ही महामंडळाच्या बसनं तिथं यायचं. लेण्यांपासून ते अंतर ४ किलोमीटर. आधी बोललो ते बरंच झालं, कारण दरीत माझ्या फोनला रेंजच नव्हती. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून सप्टेंबरातला बुधवार धरला.

साडेपाचला जालना सोडलं. राजूरच्या गणपतीला हात जोडले, सिल्लोडला चहा घेतला आणि दहाच्या सुमारास वर पोहोचलो.

वरून दिसलं ते पाहून सगळ्याजणी गप्पच झाल्या. वाघूर तिथं घोड्याच्या नालासारखी वळते, आणि त्या वळणाच्या कड्यात ओळीनं ३० लेणी. दरीच्या टोकाला सप्तकुंडाचं पाणी टप्प्याटप्प्यानं कोसळत होतं. सिल्लोडकडची पूर्णा गोदावरीला मिळते. ही वाघूर मात्र खाली उतरून तापीला जाते. आपल्याच डोंगरातलं पाणी असं दोन दिशांना वाटलं जातं, हे मला तिथं उभं राहिल्यावर खरं कळलं.

२८ एप्रिल १८१९ ला शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला समोरच्या कड्यात दहावं लेणं दिसलं. त्यानं ‘शोध’ लावला असं म्हणतात, ते मला पटत नाही. इथल्या गुराख्यांना लेणी आधीच ठाऊक असणार.

तिथंच दशम्या, ठेचा न् दही खाऊन उतरायला लागलो. आधी आत्याबाई मागं होत्या. पुढच्या भराभर जायच्या, थांबायच्या, आणि आत्याबाई पोहोचल्या की लगेच पुन्हा निघायच्या. म्हणजे ज्यांना विसावा हवा त्यांनाच तो मिळेना. दुसऱ्या वळणावर त्यांचा श्वास फुललेला पाहून मला भीती वाटली. मग त्यांनाच सगळ्यांच्या पुढं घेतलं. पायरीवर आधी काठी, मग उजवा पाय, मग डावा. आणि मागं आम्ही अकराजणी तशाच. एक पोरगी कुरकुरली, तशा त्या म्हणाल्या, “घाई कशाची गं? लेणी कुठं पळून चालली का?”

त्या चालीनं दिसलं किती! दगडांच्या फटीतला गुलाबी तेरडा, सीताफळीची कोवळी फळं, आणि प्रत्येक वळणावर थोडा मोठा होत गेलेला पाण्याचा आवाज. उतरायला दीड तास लागला.

पूल ओलांडून पलीकडं गेलो. तीसच्या तीस लेणी बघायचा हट्ट आधीच सोडला होता. दहावं, सोळावं, सतरावं आणि सव्विसावं, एवढीच पाहिली. सोळाव्याच्या खाली जुन्या जिन्याशी दगडाचे दोन हत्ती आहेत. आज आपण ज्या वाटेनं लेण्यालेण्यांतून फिरतो ती नंतरची. पूर्वी लेण्यांना नदीतून वर येणारे आपापले जिने होते. भिक्खू नदीवरूनच वर येत असतील.

हे सांगितल्यावर आत्याबाईंनी हत्तीच्या गुडघ्यावर नजर ठेवून विचारलं, “मग आपण बरोबर दारानं आलो म्हणायचं?”

“हो आत्याबाई, जवळजवळ.”

शेवटच्या बसच्या आधीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली. टी-पॉइंट येईपर्यंत त्या मान वळवून नदीकडंच बघत होत्या.