उंच केलेली पिकअप आणि नानांचा प्रश्न

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी नानांना दारात उभी असलेली माझी पिकअप दाखवली. नानांनी दिंडोरीच्या मळ्यातल्या ओट्यावर बसून ती पुढून-मागून पाहून घेतली आणि विचारले, "चांगली धडधाकट गाडी होती, ती उंच कशाला केली? आणि एवढाली चाकं कशाला?" प्रश्न साधाच होता, पण तो मला लागला. नानांनी सारी हयात, आधी ट्रॅक्टरने आणि मग बोलेरो पिकअपने, टोमॅटोचे कॅरेट आणि द्राक्षांच्या पेट्या वाहिल्या आहेत. गाडीवरचा खर्च कामासाठी आहे की मिरवण्यासाठी, हे त्यांना एका नजरेत कळते. फोनवर मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

मी कोलोरॅडोच्या पश्चिम भागात पॅलिसेडजवळ राहतो. येथे नदीच्या पाण्यावर पीच आणि वाइनच्या द्राक्षांच्या बागा उभ्या आहेत. ठिबकचे पंप आणि थंडीच्या रात्री बागेत हवा फिरवणारे उंच पंखे दुरुस्त करणे हे माझे काम. निफाडचा पारा उतरला की आपण द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो. येथे पीच फुलोऱ्यात असताना पारा गोठणबिंदूच्या खाली घसरू लागला की हे पंखे चालू होतात आणि वरच्या थरातली त्यामानाने उबदार हवा खाली झाडांवर आणतात. पंखा बंद पडला, तर वर्षाचे पीक एका रात्रीत हातचे जाऊ शकते.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या अशाच एका रात्री मला दोन वाजता फोन आला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. येथल्या बुक क्लिफ्स नावाच्या कड्यांच्या पायथ्याला मॅन्कॉस शेल या खडकाची राखाडी माती आहे. ती भिजली की आपल्या काळ्या मातीसारखीच चाकाला लपेटते आणि टायरच्या खाचा बुजवून टाकते. ट्रॅक्टरच्या जाण्यायेण्याने वाटेवर खोल चाकोऱ्या पडल्या होत्या. माझी चाके चाकोरीत उतरली, मागच्या अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा गोळा दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर टेकला आणि गाडी जागीच बसली. चाके नुसती गरगर फिरत होती. टॉर्च घेऊन मी खाली वाकून पाहिले, तेव्हा गोळ्याने वरंब्यात केलेली गुळगुळीत पन्हळ स्पष्ट दिसत होती.

शेजारच्या बागेचे वयस्कर मालक त्यांची उंच पिकअप घेऊन आले, त्याच चाकोरीतून न अडखळता माझ्यापर्यंत पोहोचले, पट्टा लावून त्यांनी मला ओढून काढले आणि मग माझी हत्यारे स्वतःच्या गाडीत टाकून मला त्या पंख्यापर्यंत नेले. पैशांचे नावही त्यांनी काढू दिले नाही. त्या रात्रीनंतर मी गाडी उंच करायचे ठरवले.

नाना, नुसती गाडी उंच केल्याने तो गोळा एक मिलीमीटरही वर येत नाही, हे मलाही आधी ठाऊक नव्हते. माझ्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे आणि तो पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांना, बांधलेला आहे. पाटे वाढवले की चासी आणि बॉडी वर जाते. अ‍ॅक्सल मात्र चाकांच्या मध्याशी आहे तेथेच राहतो. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरच्या उंचीत जेवढी वाढ होईल तिच्या निम्म्यानेच. माझे जुने टायर २४५/७५ आर १६ मापाचे, म्हणजे सुमारे ७७४ मिलीमीटर उंच होते; नवे २८५/७५ आर १६ मापाचे, सुमारे ८३४ मिलीमीटर आहेत. फरक ६० मिलीमीटर, म्हणून गोळा ३० मिलीमीटर वर आला. हे ३० मिलीमीटर ऐकायला थोडे वाटतात, पण वरंब्यावर टेकणे आणि वरंब्यावरून निघून जाणे यांत बहुतेक वेळा तेवढेच अंतर असते.

मग गाडी उंच का करायची? कारण एवढे टायर आधीच्या उंचीत मावत नाहीत. स्टिअरिंग वळवले की ते मडगार्डला आणि बंपरच्या आतल्या कोपऱ्याला घासतात. म्हणून पुढून तीन इंच आणि मागून दीड इंच उचलली. मागून कमी, कारण माल भरल्यावर गाडी सपाट बसावी म्हणून कंपनीच मागची बाजू थोडी उंच ठेवते. या उंचीचा स्वतंत्र फायदाही आहे: चारीत उतरताना बंपर आधी पलीकडच्या काठाला धडकत असे, तो आता सुटतो, आणि बांध ओलांडताना गाडीचे पोट टेकत नाही.

चिखलात आणि भुसभुशीत बर्फात मी टायरची हवा ३५ पौंडांवरून २० पर्यंत उतरवतो. तेव्हा टायर जमिनीवर लांबट पसरतो आणि रुतण्याऐवजी वर राहतो. मोठ्या टायरची भिंत उंच असल्यामुळे त्याला पसरायला जागा मिळते. डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा हवा भरावी लागते. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीतच असतो.

याची किंमतही मोजावी लागते. स्पीडोमीटर ६० मैल दाखवत असताना गाडी ६४ च्या पुढे धावत होती. तो दुरुस्त करून घ्यावा लागला. पेट्रोल जास्त लागते, ब्रेक लागायला अधिक अंतर लागते, वळणावर गाडी अधिक कलते, आणि हेडलाइट खाली वळवले नाहीत तर समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. बर्फाच्या गुळगुळीत थरावर तर या उंचीचा काडीचाही उपयोग नाही. तेथे टायरचे रबर आणि सावकाश चालवणे एवढेच कामी येते.

तुम्ही म्हणाल, आम्ही साध्या पिकअपने आयुष्य काढले. खरे आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण पावसाळ्यात आपली गाडी मळ्याच्या वाटेवर रुतली, तर एका हाकेला वस्तीवरची दहा माणसे धावून येतात आणि कोणाचा तरी ट्रॅक्टर येतो. येथे रात्री दोन वाजता मैलभरात माणूस नसतो. शेजारी आले हे माझे नशीब, आणि दर वेळी त्यांना झोपेतून उठवणे मला पटत नाही.

फोटो पाहून आपल्या रोहनलाही बोलेरो उंच करावीशी वाटते, असे त्याने कळवले आहे. त्याला माझा स्पष्ट नकार सांगा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय विम्याचा दावा अडण्याची धास्ती वेगळीच. त्याने कंपनीने मान्य केलेल्या मापातलेच, पण खोल खाचांचे टायर घ्यावेत आणि झिजले की वेळेवर बदलावेत. पेठ-हरसूलच्या वाटांना तेवढे पुरते.

नानांनी फोन ठेवताना विचारलेली दुसरी गोष्ट मात्र मला आधी सुचली नव्हती: "फाळका किती वर गेला? कॅरेट चढवणाऱ्याच्या कमरेचं काय?" मी दुसऱ्या दिवशी टेप लावून मोजले. फाळका सात सेंटीमीटर वर गेला आहे. पंपाची मोटर उचलताना तो फरक मला रोज जाणवत होता, पण मी तो कोणाला सांगितला नव्हता. या आठवड्यात मागे लाकडी पायरी बसवतो आहे. तिचा फोटो नानांना पाठवीन.