फळ्यावरचे नाना

१९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकाची दिवाळी आषाढात येऊ लागली. बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलेच, आणि अशात संपादकांचा फोन येतो, “कथा कुठवर आलीय?” कथा कुठेही आलेली नसते. मागच्या वर्षी अशाच एका फोननंतर मी अप्पा बळवंत चौकात वह्या आणायला गेले आणि ३ बाय २ फुटांचा पांढरा फळा घेऊन आले.

रिक्षात तो मांडीवर आडवा धरून बसले होते. रिक्षावाल्यानं आरशात पाहून विचारलं, “क्लास काढताय का मॅडम?”

“हो.”

“कशाचा?”

“अजून सुचलं नाही,” असं मी खरं खरं सांगितलं.

जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर नवऱ्यानं तो ठोकून दिला. जरा डावीकडे कललाय, पण माझ्या कथाही कुठे सरळ असतात.

कल्पना फळ्यावर मांडायच्या हे खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं, तर ‘ब्रेनस्टॉर्मिंग’बद्दल, म्हणजे चारचौघांनी मिळून भराभर कल्पना काढण्याबद्दल, वाचून. अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या अमेरिकन जाहिरातवाल्यानं १९५३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याचा पहिला नियम असा की कोणाच्याही कल्पनेला नावं ठेवायची नाहीत. कल्पना कितीही वेडगळ असो, लिहून टाकायची, निवडानिवड मागाहून. ऑस्बॉर्नसाहेबांना मराठी घराचा अनुभव नसावा. मी फळ्यावर ‘विहीर’ लिहिलं की आमटी वाढून घेता घेता नवरा म्हणायचा, “परत विहीर?” लेक म्हणायची, “आई, तुझ्या गोष्टीत कोणाकडे मोबाइल का नसतो?” पुढे वाचलं की १९५८ साली येल विद्यापीठात हे तपासून पाहिलं, तेव्हा एकेकट्यानं विचार करणाऱ्यांच्या कल्पनांची बेरीज गटात बसलेल्यांपेक्षा जास्त भरली. हे मी त्या दिवशी जेवताना मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. कोणी मनावर घेतलं नाही.

पण फळ्याचं एक सुख मान्य करायला हवं, ते म्हणजे पुसणं. वहीत खोडलेलं वाक्य खोडल्यावरही रेघेखालून आपल्याकडे बघत राहतं. फळ्यावरचं जातं ते जातंच. आम्ही लहानपणी पाटी थुंकीनं पुसायचो, वर चिमणीला वारा घालायला सांगायचो, आणि सकाळी काढलेला ‘ग’ दुपारी उरला नाही म्हणून कोणी हळहळत नसे. त्याआधीची मुलं तर धूळ पसरून तिच्यावर बोटानं अक्षरं गिरवायची. त्यावरूनच धुळाक्षरं हा शब्द आला. शिंक आली की मुळाक्षरं गेली. चुकायला अशी स्वस्त जागा मोठेपणी मिळत नाही. शिवाय फळ्यापुढे उभं राहावं लागतं. बसून सुचणारं आणि उभ्यानं सुचणारं यांत फरक असतो असं माझं मत आहे. पुरावा नाही.

तर फळ्याच्या मधोमध मी एक म्हातारा ठेवला. गावातलं जुनं घर, विकायला निघालेला धाकटा मुलगा, परसातली विहीर (होय, परत), तांब्याचा बंब, एक न फोडलेलं पत्र. सगळ्यांपासून सगळ्यांकडे बाण. म्हाताऱ्याचं नाव ओघानंच नाना पडलं. मराठी कथेतला दर तिसरा म्हातारा नाना असतो, उरलेले दोन अण्णा आणि तात्या. कथा अडली होती ती त्यांच्या मरणापाशी. म्हणून एका रात्री हाताला लागलेल्या मार्करनं मी लाल ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘नानांना कधी मारायचं? दिवाळीआधी की नंतर?’ आणि खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून फोन आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सासरे येत होते. त्यांनाही सगळे नानाच म्हणतात. महिनाभर मी रोज फळ्यावरच्या नानांशी झटत होते आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या डोक्यात ते दोघे वेगळे होते. भिंतीवर मात्र एकच नाव होतं.

फडकं घेऊन पुसायला गेले, तर निघेना. मार्कर लेकीच्या प्रोजेक्टच्या डब्यातला, पक्क्या शाईचा. फळ्याच्या शाईत रंगाबरोबर एक तेलकट पदार्थ असतो. तो रंगाला फळ्याला चिकटू देत नाही. पातळ द्रव उडून जातो आणि रंग वर नुसता टेकून राहतो. पक्क्या शाईत उलट रंगाला धरून बसणारी राळ असते. हे ज्ञान मला नंतर झालं. त्या सकाळी मी भांड्यांची तारेची घासणी घेतली आणि ‘मारायचं’वर फिरवली. अक्षरं थोडी फिकी झाली, पण फळ्याची चकाकी कायमची गेली. शेवटी खिळा ठोकून वर कॅलेंडर टांगलं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चष्मा, थेंब, डोक्यावरून अंघोळ नाही, आठवडाभर टीव्ही कमी. नानांसारख्या माणसानं करावं काय? ते एकादशी कधी आहे ते बघायला उठले आणि कॅलेंडरचं पान उलटायला गेले. खिळा मी ठोकलेला. कॅलेंडर खाली आलं.

मी स्वयंपाकघरातून धावले तोवर नाना काळा चष्मा कपाळावर चढवून, एक डोळा हातानं झाकून, डॉक्टरांकडे तक्ता वाचतात तसे एकेक शब्द वाचत होते. “ना-नां-ना... क-धी...” दुसऱ्या ओळीपर्यंत पोचले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “लाल रंग केवढा लाल दिसतोय गं! इतकी वर्षं सगळं चहासारखं दिसायचं.”

“नाना, ती कथा आहे. तुम्ही नाही त्यातले.”

“असू दे की. पण दिवाळीनंतरच ठेव. फराळ तरी होईल.”

त्यानंतर नानांनी खुर्ची फळ्यासमोर ओढली. नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुण्याहून नगरला सुटली आणि आपण त्याच सालचे, हे ते नव्या माणसाला नावाआधी सांगतात. आगारातला काळा फळा तीसेक वर्षं त्यांच्या हाताखाली होता. गाडी, मार्ग, सुटण्याची वेळ, उशीर, कारण, असे पाच रकाने. खडूनं लिहायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. माझा फळा त्यांनी त्याच नजरेनं तपासला.

“बाण पुष्कळ आहेत. गाड्या सुटल्यात सगळ्या. पोचलेली एकही दिसत नाही.”

मी काही बोलले नाही. काय बोलणार?

“हा धाकटा घर विकतोय. का?”

“पैसे हवेत म्हणून.”

“हे म्हणजे ‘तांत्रिक बिघाड’ झालं.”

मग त्यांनी सांगितलं. कारणाचा रकाना वीतभरसुद्धा नसायचा, म्हणून त्यात दोनच गोष्टी बसायच्या, तांत्रिक बिघाड किंवा रस्ता बंद. एकदा मुक्कामाची गाडी सकाळी तीन तास उशिरा आली. नानांनी रोजच्यासारखं ‘तांत्रिक बिघाड’ लिहिलं. खरी गोष्ट अशी की गाव सोडून मुंबईला निघालेल्या एका मुलाची आई गाडीपुढे रस्त्यात बसली होती. कोणी हात धरून उठवलं असतं, पण ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तिच्याशेजारी बसून राहिला. त्याची स्वतःची आई त्याच महिन्यात गेली होती. गाडीतल्या एकाही उतारूनं तक्रार केली नाही. शेवटी मुलगाच उतरून आला.

“मग तो मुंबईला गेला की नाही?”

“गेला. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं. ती वेळेवर सुटली.” नानांनी दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. “आता हे एवढ्या चौकटीत कुठं बसवू?”

त्या दुपारी, महिन्याभरानं, मी वही उघडली. फळ्याकडे पाठ करून बसले. धाकटा घर का विकतो हे शोधायला अकरा पानं लागली, आणि पैशाचा विषय चौथ्या पानावरच मागे पडला.

लाल अक्षरं शेवटी लेकीनं काढली. पक्क्या शाईवर फळ्याचा साधा मार्कर गिरवायचा आणि लगेच पुसायचं. नव्या शाईतला द्रव जुनीला सैल करतो आणि दोन्ही एकदम निघतात. “आधी विचारायचंस ना,” ती म्हणाली. घासणीनं ओरखडलेल्या जागी मात्र रंग आत मुरलाय. उजेड तिरपा पडला की तिथे अजून फिकट ‘मार’ वाचता येतं. आलेला पाहुणा ते वाचतो आणि विषय बदलतो.

नाना महिन्याभरानं परत गेले. त्यांना स्वारगेटला सोडून मी घरी आले, चहा ठेवला आणि संपादकांचा फोन वाजताना पाहून तो उलटा करून ठेवला. मग फळ्याकडे लक्ष गेलं. खालच्या कोपऱ्यात, आगारातल्या त्या ठाशीव अक्षरात, पट्टी लावून रकाने आखले होते.

सातारा. सुटण्याची वेळ ७.१५. वेळेवर.

कथा. उशिरा. कारण :

आणि कारणापुढे त्यांनी फळ्याच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत जागा मोकळी सोडली होती.